गाडी राखून चालवणे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला विषय कोणता घ्यावा यावर आपल्या कार्यकारिणीत बराच खल झाला, असे माझ्या कानी आले. कुणी टिकाऊ फराळाचे पदार्थ सुचवले, कुणी गुडघेदुखी सुचवली. शेवटी चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षे आधी स्कूटर आणि मग मोटार चालवीत आला आहात, तर त्यावरच का बोलत नाही?" मी होकार दिला खरा, पण घरी गेल्यावर मनात आले की गाडी चालवायला शिकवणे हे काही भाषणाने होणारे काम नव्हे. पोहणे जसे पाण्यात उतरूनच येते, तसेच हेही. तेव्हा क्लच आणि गिअर यांविषयी आज मी अवाक्षर काढणार नाही. गाडी चालवता येऊ लागल्यानंतर जी विद्या शिकायची असते, आणि जी बहुतेकजण शिकतच नाहीत, तिच्याविषयी मला चार शब्द सांगायचे आहेत.

इंग्रजीत तिला डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग म्हणतात. वर्तमानपत्रांत 'बचावात्मक वाहनचालन' असा भारदस्त शब्द वाचायला मिळतो. मला तो फारसा रुचत नाही. ढाल-तलवार घेऊन घराबाहेर पडल्यासारखे वाटते. मी आपली 'गाडी राखून चालवणे' असे म्हणते. राखून ठेवणे ही गोष्ट आपणा बायकांना कुणी शिकवावी लागत नाही. महिन्याचा खर्च हाती आला की त्यातले थोडे बाजूला काढून ठेवतो. पाहुणा येईलच असे नाही, तरी डब्यात दोन मुठी पीठ जास्तीचे असते. दूध तापत ठेवताना पातेले काठोकाठ भरत नाही, कारण ते वर येणार हे ठाऊक असते. रस्त्यावर राखायच्या वस्तू दोनच आहेत, अंतर आणि वेळ. दुसऱ्या कुणाची चूक झाली तर ती या शिलकेतून भागते. शिलकच नसली, तर ती चूक थेट आपल्या अंगावर येते.

या विद्येचा जन्म काही आपल्याकडचा नाही. अमेरिकेत हॅरल्ड स्मिथ नावाच्या गृहस्थांनी १९५२ साली चालकांना शिकवण्याची एक पद्धत सुरू केली. नजर दूर ठेवा, सारा रस्ता एकत्र पाहा, डोळे फिरते ठेवा, निसटायला वाट ठेवा आणि समोरच्याने आपल्याला पाहिले आहे याची खात्री करून घ्या, अशी तिची पाच कलमे आहेत. पुढे १९६४ पासून तिथल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने याचे रीतसर वर्ग घ्यायला सुरुवात केली. पाचही कलमे साधी आहेत. आपल्या आजीने बाजारात हात धरून नेताना सांगितल्यासारखी. त्यांच्या तळाशी एकच गृहीत आहे, की समोरचा माणूस चुकणार. तो वाईट आहे म्हणून नव्हे. तो माणूस आहे, त्याला घाई आहे, तो उपाशी आहे किंवा त्याचा फोन वाजतो आहे, म्हणून.

आता आपल्या द्वारका चौकाकडे येऊ. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. सारडा सर्कलकडून गावातली वाहतूक येऊन मिळते, काठे गल्ली आणि टाकळीकडून आपण घरगुती मंडळी येतो. लांबची वाहने डोक्यावरून उड्डाणपुलावरून जातात, तरी खाली काही निवांतपणा आलेला नाही. सिटीलिंकची बस, एस. टी., नाशिकरोडच्या शेअर रिक्षा, कांद्याचे ट्रॅक्टर, द्राक्षांच्या हंगामातले पिकअप, शाळेच्या सायकली आणि पायी रस्ता ओलांडणारी माणसे, सगळ्यांना एकाच वेळी निघायचे असते. त्यात पुलाचे खांब मधे येतात. खांबाआडून काय निघेल ते दिसत नाही. चौकाच्या रचनेविषयी आजवर पुष्कळ बैठका झाल्या, पुष्कळ आराखडे झाले. ते होत राहोत. रोज सकाळी दहा वाजता तिथून जायचे आहे ते आपल्याला.

या चौकात बारकाईने पाहिले तर एक गंमत लक्षात येते. चूक अशी एकाएकी होत नाही. ती आधी वर्दी देते. रिक्षा वळणार असेल तर दिवा लागो न लागो, तिचे पुढचे चाक आधी कलते. रस्त्याच्या कडेला कुणी हात वर केला, की मागून येणारी रिक्षा तिथे थांबणार हे ठरलेलेच. बस थांब्यावर उभी असेल तर तिच्या पुढून एक तरी माणूस धावत बाहेर येणार. उभ्या मोटारीत चालकाच्या जागी डोके दिसले, की तिचे दार उघडणार असे धरून चालावे. चेंडू रस्त्यावर आला की त्याच्यामागे मूल आहेच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ट्रकची डावी बाजू. डावीकडे वळणारा ट्रक आधी थोडा उजवीकडे सरकतो आणि डावीकडे छान मोकळी जागा झाल्यासारखी दिसते. तिथे स्कूटर घालण्याचा मोह होतो. पण ट्रकची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, ती आतल्या बाजूने येतात, आणि ती जागा पाहता पाहता नाहीशी होते. उंचावर बसलेल्या चालकाला तिथली स्कूटर दिसतही नाही. ट्रकच्या आरशात आपल्याला त्याचे तोंड दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही, एवढी खूण लक्षात ठेवावी.

हे सगळे ऐकायला सोपे वाटते, पण डोळ्यांना वळण लावावे लागते. त्याची एक नामी युक्ती आहे. ती मी आमच्या गल्लीतल्या एका मुलीबरोबर करून पाहिली, म्हणून सांगते.

१२ जानेवारी २०२५ च्या रविवारी संध्याकाळी द्वारकेच्या उड्डाणपुलावर काय घडले ते आपण कुणी विसरलेलो नाही. निफाडकडून सिडकोकडे परतणाऱ्या तरुणांचा टेम्पो लोखंडी सळया घेऊन जाणाऱ्या ट्रकवर मागून आदळला, आणि कित्येक घरांतले हातातोंडाशी आलेले मुलगे गेले. त्या आठवड्यात आपल्या भागात चूल पेटली तरी घास गिळत नव्हता. मग जे व्हायचे तेच झाले. आमच्या गल्लीतल्या दोन घरांत मुलींच्या स्कूटरच्या किल्ल्या कपाटात गेल्या. मुलग्यांच्या मोटारसायकली मात्र दारातच राहिल्या, हेही मी पाहिले!

त्यांतली एक मुलगी नाशिकरोडला शिकायला जात असे. किल्ली गेल्यावर ती शेअर रिक्षाने जाऊ लागली. म्हणजे काय, तर संध्याकाळी अंधार पडल्यावर चौकात उतरायचे आणि चार बाजूंच्या वाहनांतून पायी वाट काढीत घरी यायचे. तिच्या आईला मी विचारले, "काकू, यात पोरीचा धोका कमी झाला की आपल्या डोळ्यांआड झाला?" त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी त्याच माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही तिच्या मागे बसून पाहा. तुमची खात्री पटली तर मी किल्ली देते."

तेव्हापासून आठ रविवार, सकाळी साडेसहाला, मी तिच्या स्कूटरवर मागे बसले. दोघींच्या डोक्याला हेल्मेट. अट एकच, की तिने दिसेल ते मोठ्याने बोलत गाडी चालवायची. पहिल्या रविवारी ती बोलेना. लाजत होती आणि तिला काही दिसतही नव्हते. म्हणजे दिसत होते ते फक्त पुढच्या गाडीचे मागचे चाक. तिसऱ्या रविवारी बोलणे सुरू झाले. "डावीकडे रिक्षा. पुढे बाईंनी हात केला. रिक्षा थांबणार. मी वेग कमी करते. आरशात मोटारसायकल आहे, म्हणून उजवीकडे जात नाही." सहाव्या रविवारी ती इतके बोलू लागली की मलाच दिसले नव्हते ते तिने सांगितले: खांबाआड एका गाडीवाल्याने केळ्यांची हातगाडी वळवायला घेतली होती. बोलायचे म्हटले की पाहावे लागते, पाहिले की अंदाज बांधावा लागतो आणि अंदाज बांधला की हात आपोआप ब्रेकवर जातो. पुढे बोलणे मनातल्या मनात होते. सवय मात्र राहते. विलायतेत पोलिसांच्या चालकांनाही असेच बोलत गाडी चालवायला शिकवतात.

त्या मुलीला किल्ली परत मिळाली. आज ती रोज तो चौक ओलांडते. तिच्या आईची काळजी संपली असे मी म्हणणार नाही. आईची काळजी ती, ती कशी संपेल? पण आता दोघी त्याविषयी एकमेकींशी बोलतात. पूर्वी एकीने किल्ली लपवायची आणि दुसरीने रुसायचे, एवढेच चालले होते.

आता अंतराचा हिशेब. पुढच्या वाहनाच्या किती मागे राहावे? कुणी म्हणते दहा फूट, कुणी म्हणते एक गाडीभर. चालत्या गाडीवरून फूट कोण मोजणार? त्यापेक्षा वेळ मोजावा. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात सावकाश म्हणावे, "एक हजार एक, एक हजार दोन." एवढे म्हणून होण्याआधीच आपण त्या खांबापाशी पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत. कोरड्या रस्त्याला निदान दोन सेकंद, पावसात त्याच्या दुप्पट, आणि पुढे ट्रक असेल तर त्याच्या पलीकडचे दिसत नाही म्हणून आणखी थोडे. आपल्यातल्या एका आजींनी 'एक हजार एक'च्या जागी 'पांडुरंग पांडुरंग' म्हणायचे ठरवले आहे. हरकत नाही, फक्त घाईघाईने म्हणू नये.

हे दोन सेकंद कशासाठी? ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. पुढे काही घडले आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो, म्हणजे हे आपले सभागृह या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडले तरी ब्रेक अजून लागलेलाच नसतो. त्यानंतर गाडी थांबायला आणखी जागा लागते ती वेगळीच. आणि वेग दुप्पट झाला की ही ब्रेकनंतरची जागा दुप्पट लागत नाही, चौपट लागते. हे गणित न जाणताच पुष्कळ मंडळी पुढच्या गाडीला चिकटून चालतात. पुढच्या ट्रकमधून सळया बाहेर आलेल्या असतील, त्याचा मागचा दिवा बंद असेल, रात्र असेल, तर त्या चिकटण्याचा परिणाम काय होतो ते मी पुन्हा सांगत नाही. सळया बाहेर काढून नेणे हा गुन्हाच आहे. तो थांबवणे सरकारचे काम आहे आणि ते त्यांच्याकडून करवून घेतले पाहिजे. पण आपल्या आणि त्या सळयांच्या मधे किती जागा ठेवायची, हे आपल्या हातात आहे.

८ ऑक्टोबर २०२२ ची पहाटही आपल्या ध्यानात असेल. यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस औरंगाबाद रस्त्यावर मिरची हॉटेलच्या चौकात मालवाहू गाडीला धडकली, पेटली, आणि १२ जण गेले. तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. चूक कुणाची याची चर्चा त्या वेळी पुष्कळ झाली, तिच्यात मी पडत नाही. मला त्या वेळेविषयी सांगायचे आहे. पहाटे रस्ता रिकामा दिसतो, आणि रिकामा रस्ता दिसला की माणूस आपली राखीव शिल्लक उधळू लागतो. चौकापाशी वेग तोच ठेवतो, कारण आडवे कुणी येत नाही असे त्याला वाटते. नेमके तेच आडव्या रस्त्याने येणाऱ्यालाही वाटत असते. म्हणून चौक दिसला की सिग्नल हिरवा असो, नसो, रस्ता ओस असो, पाय अॅक्सिलरेटरवरून काढून ब्रेकवर नुसता ठेवावा. आणखी एक. आपल्यापैकी पुष्कळजणी रात्रीच्या बसने माहेरी, लेकीकडे जातात. बसमध्ये चढल्यावर पिशवी ठेवण्याआधी संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा कुठे आहे आणि तो कसा उघडतो ते पाहून ठेवावे. शेजारचे हसतील, हसू द्यावे.

आता ज्यांनी कधी गाडी हाती धरली नाही आणि धरायचा विचारही नाही, त्या भगिनींना वाटत असेल की हे भाषण आपल्यासाठी नाही. माझा त्यांच्यावरच अधिक भरवसा आहे. कसा ते सांगते.

रस्त्यावरची घाई बहुतेक वेळा घरात तयार होते. डबा पाच मिनिटे उशिरा भरला जातो, इस्त्रीचा शर्ट सापडत नाही, मुलाचा बूट पलंगाखाली असतो. ही पाच मिनिटे मग कुठे वसूल होतात? द्वारका चौकात! शर्ट आदल्या रात्री काढून ठेवला, डबा दहा मिनिटे आधी झाला, की त्या घरचा माणूस निम्मा सुरक्षित झाला असे मी समजते. यावर कुणी म्हणेल, हाही बोजा पुन्हा बायकांच्याच माथी का? अगदी बरोबर आहे. शर्ट ज्याचा त्याने काढावा, बूट ज्याचा त्याने शोधावा, आणि तसे घरात एकदा खडसावून सांगावे.

दुसरी गोष्ट फोनची. संध्याकाळी यायची वेळ टळली की आपण फोन करतो, "कुठवर आलात?" ज्याच्या काळजीने फोन केला, तो त्या क्षणी पुण्याच्या रस्त्यावर एका हाताने गाडी धरून दुसऱ्या हाताने खिसा चाचपीत असतो. काळजीनेच काळजीचे कारण निर्माण करायचे, असा हा प्रकार. आमच्या घरी नियम आहे: निघताना कळवायचे, मधे कुणी फोन करायचा नाही, आणि केलाच तर तो उचलायचा नाही. सुरुवातीचे आठ दिवस जीव टांगणीला लागतो, मग सवय होते.

तिसरी गोष्ट मागे बसणारीची. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांतली ५०,०२९ माणसे दुचाकीवर हेल्मेट न घालता होती, आणि या पन्नास हजारांतली १४,३३७ गाडी चालवत नव्हती, मागे बसलेली होती. मागे कोण बसते ते आपल्याला ठाऊक आहे. पतिराज हेल्मेट घालतात, कारण पोलीस त्यांना अडवतो. मागे आपण साडी सावरीत, एका बाजूला पाय टाकून, मांडीवर मूल आणि हातात भाजीची पिशवी घेऊन, डोके उघडे ठेवून बसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या नाशकात पोलिसांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी मोहीम चालवली, तेव्हा पंपावर हेल्मेट मागून घेऊन डोक्यावर ठेवणारे आणि पेट्रोल भरताच परत देणारे महाभाग आपण पाहिलेच. हेल्मेट आय. एस. आय. खुणेचे असावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली लावलेला असावा. नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट पडताना आधी निघून जाते. केस विसकटतात, अंबाडा बसतो, गजरा चुरगळतो, हे सगळे मला मान्य आहे. गजरा पर्समध्ये ठेवावा आणि पोहोचल्यावर माळावा.

साडीचेही तसेच. दुचाकीचे मागचे चाक निदान अर्धे झाकणारी जाळी, मागच्याला धरायला कडी आणि पाय ठेवायला पायटा, या तिन्ही गोष्टी असल्याच पाहिजेत असा नियम आहे. नवी मोटारसायकल घेतल्यावर ती जाळी शोभत नाही म्हणून मुले काढून टाकतात. आपल्या घरच्या गाडीला ती आहे का ते आज घरी गेल्यावर पाहावे. पदर, ओढणी, शालीचे टोक बसण्यापूर्वी कमरेला खोचावे. चाकात गेलेला पदर क्षणभरात माणसाला खाली ओढतो. चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी पट्ट्याने बांधून आणि त्याच्या मापाचे हेल्मेट घालूनच न्यावे आणि ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये, असा नियमही २०२३ पासून लागू आहे. अठरा वर्षे न झालेल्या मुलाच्या हाती मोटारसायकल देणाऱ्या पालकाला तर २०१९ च्या दुरुस्तीने तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगितला आहे. 'आमचा बाळ्या फक्त कोपऱ्यावरून दूध आणतो' हे न्यायालयात चालत नाही.

मोटारीत बसणाऱ्यांसाठी एक लहानशी सवय सांगते. मेन रोडला किंवा शालिमारला गाडी उभी केली की चालकाने उजवे दार डाव्या हाताने उघडावे. तसे केले की अंग आपोआप वळते, नजर मागे जाते आणि येणारा सायकलवाला दिसतो. मागच्या सीटवर बसणाऱ्यांनीही दाराच्या पलीकडचा हात वापरावा, आणि पट्टा बांधावा. पाऊस, धुके, रात्र यांविषयी वेगळे काय सांगू? दिसणे कमी झाले की वेग कमी करावा, एवढेच आहे. आणि आपल्या देखत कुणाचा अपघात झालाच, तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात संरक्षण दिले आहे. पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील या भीतीने मागे सरू नये.

भाषणाची तयारी करताना एका सुशिक्षित भगिनीने मला रोखठोक विचारले, "चुका त्यांनी करायच्या आणि राखून आपण चालवायचे, हा कुठला न्याय? बायकांना आयुष्यभर हेच सांगितले जाते, तुम्ही सांभाळून घ्या." हा प्रश्न मला फार लागला, कारण तो खरा आहे. त्यावर मी पुष्कळ विचार केला. घरात सांभाळून घेणाऱ्या बाईचा काही वेळा तोटा होतो, समोरचा सोकावतो. रस्त्यावरचे राखणे मात्र त्या जातीचे नव्हे. मी ज्याला वाट दिली तो पुढच्या मिनिटाला नाहीसा होतो. त्याला सुधारण्याची किंवा बिघडवण्याची माझ्यापाशी सोय नाही. माझ्यापाशी आहे ती माझी स्कूटर आणि मागे बसलेले माझे मूल. मला हक्काची वाट होती हे पंचनाम्यात लिहिले जाईल, ते वाचायला मी असायला हवी. आणि न्यायाचे म्हणाल, तर तो मागायची जागा निराळी आहे. चौकात पायी ओलांडणाऱ्यांना नीट सोय हवी, पुलाखाली दिवे हवेत, पट्टे पुसले की पुन्हा मारायला हवेत, उभ्या ट्रकांना तिथून हलवायला हवे. यासाठी महानगरपालिकेकडे आणि पोलीस आयुक्तांकडे आपल्या मंडळाने सह्यांचे निवेदन द्यावे, असे मी कार्यकारिणीला सुचवते. २०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत, गर्दी कितीतरी पटींनी वाढणार आहे. मागायचे ते त्याआधीच मागायला हवे. निवेदन बसून लिहावे, तिथे काही राखून ठेवू नये!

ज्यांना बोलत गाडी चालवण्याचा सराव करायचा असेल, त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. रविवारी सकाळी साडेसहाला आपण मंडळाच्या दारात जमू. स्वतःचे हेल्मेट आणावे, मागे बसणारीसाठी दुसरेही आणावे. वयाची अट नाही. सुनेच्या मागे सासूबाई बसणार असतील तर फारच उत्तम. फक्त सुनेने बोलायचे आहे आणि सासूबाईंनी ऐकायचे आहे, हे आधीच सांगून ठेवते.

सभेपूर्वी एका भगिनीने चिठ्ठीवर प्रश्न लिहून दिला आहे: "मागचा भोंगा वाजवीत राहिला, वेग वाढव म्हणून खुणा करू लागला, तर काय करावे? हात थरथरतात." फार चांगला प्रश्न आहे. पहिली गोष्ट, वेग वाढवू नये. त्याच्या भोंग्याने आपला वेग ठरू लागला की गाडी आपण चालवीत नाही, तो चालवतो. दुसरी, एकाएकी ब्रेकही लावू नये. तो चिकटलेला असतो, आदळेल. तो चिकटला आहे म्हणूनच आपण पुढच्या गाडीपासूनचे अंतर आणखी वाढवावे, म्हणजे थांबायची वेळ आली तर सावकाश थांबता येते आणि त्यालाही थांबायला सवड मिळते. मग डावा दिवा लावावा, आरशात पाहावे, डाव्या कडेला यावे आणि त्याला पुढे जाऊ द्यावे. हात थरथरत असतील तर एखाद्या दुकानापुढे दोन मिनिटे गाडी उभी करावी, पाणी प्यावे. बहुतेक वेळा तोच गृहस्थ पुढच्या सिग्नलला आपल्या शेजारी उभा असतो. त्याच्याकडे पाहूही नये.